मुलाच्या फोनवरील पालक-नियंत्रण बिघडल्यास : दुरुस्तीला बसण्यापूर्वीची तयारी

मुलाच्या फोनवरील वेळमर्यादा पाळली जात नाही, अशी तक्रार घेऊन आमच्या कोथरूडच्या सोसायटीतील पालक येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात केवळ मुलाचा फोन असतो. तेवढ्यावरून फार थोडे कळते. नियंत्रणाची सूत्रे आईच्या किंवा वडिलांच्या खात्यात असतात, काही भाग घरच्या राउटरमध्ये असतो, काही यूट्यूबसारख्या एखाद्या ॲपच्या आत असतो, आणि बिघाड बहुधा या निरनिराळ्या जागांच्या सांध्यात दडलेला असतो. म्हणून सेटिंगला हात लावण्यापूर्वी काय जमवावे, काय ताडून पाहावे आणि कशाला मुळीच हात लावू नये, हे येथे लिहीत आहे.

पहिली गोष्ट वेळेची. हे काम रात्री साडेनऊला, मूल टॅब सोडत नाही म्हणून घरात आवाज चढलेला असताना, करू नये. रविवारची सकाळ त्यासाठी काढावी. मुलाचे उपकरण, ज्या पालकाच्या नावावर नियंत्रण आहे त्याचा फोन, दोन्हींचे चार्जर आणि एक साधी वही समोर असावी. वहीत प्रथम तक्रार नेमक्या शब्दांत उतरवावी. ‘लॉक होत नाही’ एवढे पुरेसे नाही. कोणते ॲप, कोणत्या वारी, किती वाजता, घरच्या वाय-फायवर की सिमच्या डेटावर, आणि पडद्यावर कोणता संदेश आला, हे लिहिले की अर्धे काम होते. मूल शेजारी बसलेले असावे. पळवाट कोणती, हे त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते, आणि रागावणार नाही असे आधी सांगितले तर ते बहुधा दाखवतेही; माझ्या भाच्याने मला दहा मिनिटांत जे दाखवले, ते शोधायला माझ्या दोन संध्याकाळी गेल्या असत्या.

यानंतर खात्यांची शहानिशा करावी, आणि येथे घाई करू नये, कारण माझ्या पाहण्यातले बहुतेक बिघाड येथेच निघाले आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी घाईघाईने घेतलेले टॅब अनेक घरांत आईच्याच गूगल खात्यावर सुरू झाले आणि पुढेही तसेच राहिले. असा टॅब स्वतःला आईचाच समजतो; प्रौढाच्या खात्यावर ‘फॅमिली लिंक’ या गूगलच्या पालक-नियंत्रण ॲपची मुलांसाठीची बंधने लागू होत नाहीत, मग पालकाच्या फोनवर कितीही मर्यादा लावल्या तरी त्या दुसऱ्याच कुठल्या उपकरणावर जाऊन बसतात. म्हणून मुलाच्या उपकरणाच्या सेटिंगमधील खात्यांची यादी उघडून तेथे असलेला प्रत्येक ईमेल पत्ता वहीत लिहावा, आणि पालकाच्या फॅमिली लिंकमध्ये मुलाच्या नावाखाली तेच खाते व तेच उपकरण दिसते की नाही, हे ताडून घ्यावे. टॅबवर पाहुण्यांसाठीचे वेगळे प्रोफाइल सुरू आहे का, फोनमध्ये ‘सेकंड स्पेस’ किंवा ‘सिक्युअर फोल्डर’ अशी दुसरी खोली उघडलेली आहे का, हेही याच वेळी पाहावे. आणखी एक गैरसमज नेहमी आढळतो. ‘डिजिटल वेलबीइंग’ हे स्वतःला शिस्त लावण्यासाठीचे साधन आहे; मुलाच्या फोनवर नुसते तेच लावले असेल, तर ते काढण्याचा अधिकारही मुलाकडेच राहतो, आणि यात बिघाड म्हणण्यासारखे काही नाही.

खात्यातील जन्मतारीखही लिहून घ्यावी. काही घरांत खाते पटकन उघडावे म्हणून मुलाचे वय वाढवून टाकलेले असते. गूगलच्या खात्यांसाठी आपल्याकडे १३ वर्षे ही सीमा आहे आणि तिच्या अलीकडचे व पलीकडचे नियम सारखे नाहीत, त्यामुळे खोट्या जन्मतारखेच्या खात्यावर अपेक्षित बंधने का दिसत नाहीत, याचा शोध अन्यत्र घेत बसण्यात अर्थ नसतो. पुण्यात वारंवार भेटणारी दुसरी अडचण देशाची आहे. वडील नोकरीसाठी अमेरिकेत, आई आणि मुले पुण्यात, आणि गूगलचा कुटुंबगट वडिलांनी तिकडे उघडलेला, अशी घरे आता विरळा राहिलेली नाहीत. गटातील सर्वांनी गटप्रमुखाच्याच देशात राहणे अपेक्षित असते आणि प्रमुख धरून गटात सहा जणच मावतात; म्हणून प्रमुख कोण, त्याच्या खात्यावर देश कोणता आणि जागा शिल्लक आहे का, या तिन्हींची उत्तरे वडिलांना आधीच विचारून ठेवावीत. तिकडे रात्र असताना त्यांना ओटीपीसाठी उठवण्याची वेळ मग येत नाही.

शाळेने दिलेला टॅब असेल तर तो वेगळा ठेवावा. त्याचे नियंत्रण शाळेकडे असते आणि पालकांनी त्यात शिरण्याचा प्रयत्न करू नये. वर्गशिक्षिकेला चिठ्ठी लिहिणे हाच तेथला उपाय आहे.

घरात ॲपल आणि अँड्रॉइड दोन्ही नांदत असतील, तर कोणाचे कोणावर चालते, हे आधी समजून घेतलेले बरे. मुलाचा फोन अँड्रॉइड आणि आईचा आयफोन असेल तर काही अडत नाही, कारण पालकाचे फॅमिली लिंक आयफोनवरही चालते. उलट मुलाकडे आयपॅड असेल, तर त्यावर गूगलचे खाते उघडले तरी फॅमिली लिंक त्याची वेळ मोजत नाही. तेथे ॲपलचा ‘स्क्रीन टाइम’च हवा, आणि आईवडील दोघांकडेही अँड्रॉइड असल्यास तो त्या आयपॅडवरच पासकोड घालून लावावा लागतो. हा पासकोड चार अंकी असतो आणि तो मुलाच्या वाढदिवसावरून ठेवलेला असेल तर तो गुप्त राहिलेला नाही, असे धरून चालावे. विसरला असल्यास तो लावताना जे ॲपल खाते दिले होते त्याचा पत्ता व पासवर्ड लागेल, तो आधी शोधून ठेवावा. तो नसेल तर आयपॅड पूर्ण पुसून नव्याने सुरू करावा लागतो, आणि जुना बॅकअप परत घातला की विसरलेला पासकोडही त्याच्याबरोबर परत येतो. ‘मर्यादा लागते, पण मूल एक बटण दाबून पुढे जाते’ ही तक्रार असेल, तर मर्यादा संपल्यावर ॲप अडवण्याचा वेगळा पर्याय सुरू आहे का, तेवढेच पाहावे. तो बंद असला की मर्यादा ही केवळ सूचना ठरते.

आता घड्याळ. मुलाच्या फोनवर तारीख, वेळ आणि कालविभाग आपोआप घेण्याचे सेटिंग चालू आहे का, हे सर्वप्रथम पाहावे, कारण घड्याळ दोन तास मागे नेणे ही सर्वांत जुनी युक्ती आहे. मग आठवड्याचे वेळापत्रक कागदावर मांडावे. सकाळच्या आणि दुपारच्या अधिवेशनाच्या शाळांना एकच वेळापत्रक चालत नाही. शिवाय शुक्रवारी रात्री सुरू होणारा विरामकाळ, म्हणजे फोन लॉक राहण्याची वेळ, शनिवारी सकाळी संपतो, त्यामुळे शनिवारची सकाळ मोकळी का राहिली, याचे उत्तर शुक्रवारच्या रकान्यात शोधावे लागते. केवळ आजच्यापुरता केलेला बदल आणि कायमच्या वेळापत्रकातला बदल हे दोन निराळे आहेत. गणेशोत्सवात देखावे पाहायला जायचे म्हणून वेळापत्रकच बंद करून टाकलेले आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कोणाच्याही लक्षात न आलेले, असे एक घर मला माहीत आहे. ते माझेच आहे.

इंटरनेट घरात कोणकोणत्या वाटांनी येते, याची नोंद हा तयारीतला सर्वांत कंटाळवाणा भाग असला तरी तो टाळता येत नाही. घरचे वाय-फाय, मुलाच्या सिमचा डेटा, आजोबांच्या फोनचा हॉटस्पॉट, शेजाऱ्यांनी पूर्वी कधीतरी दिलेला पासवर्ड आणि सोसायटीच्या क्लबहाउसमधील जाळे, या सर्व वाटा लिहून काढाव्यात, कारण राउटरवर लावलेली बंधने फक्त पहिल्या वाटेवर चालतात. त्या राउटरचेही घड्याळ तपासावे. पुण्यात महावितरणची देखभालीची कामे बहुधा गुरुवारी निघतात; साध्या राउटरच्या घड्याळाला स्वतःची बॅटरी नसते, त्यामुळे वीज परत आल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तो चुकीच्याच वेळेत जगत असतो, आणि त्याचा कालविभाग ग्रीनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढचा असा ठरवलेला नसेल तर वेळ मिळूनही उपयोग होत नाही. ‘गुरुवारी रात्री नियंत्रण चालत नाही’ अशी विचित्र वाटणारी तक्रार त्यामुळे हसण्यावारी नेऊ नये. राउटर उपकरणाला मॅक पत्त्यावरून, म्हणजे त्याच्या जोडणीच्या ओळख-क्रमांकावरून, ओळखत असेल तर दुसरी गोम अशी की, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन साधारणपणे आपला खरा मॅक पत्ता न देता त्या वाय-फायपुरता वेगळा पत्ता देतात, आणि राउटरच्या यादीतला मुलाचा फोन प्रत्यक्षातल्या फोनशी जुळत नाही. घरच्या वाय-फायपुरता खरा पत्ता देण्याचे सेटिंग फोनमध्येच असते. नको त्या संकेतस्थळांच्या गाळणीसाठी क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.३ हा डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) राउटरमध्ये घातला असेल, तर अँड्रॉइड ९ पासून आलेल्या ‘खासगी डीएनएस’च्या रकान्यात मुलाच्या फोनवर दुसरेच काही लिहिलेले नाही ना, आणि इंटरनेटची जोडणी दुसऱ्याच वाटेने नेणारे एखादे व्हीपीएन ॲप बसवलेले नाही ना, हेही पाहावे.

ॲपच्या बाबतीत दोन-तीन प्रश्नांची उत्तरे आधी माहीत असली की पुरे. यूट्यूबचे ॲप बंद होते, पण तेच संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडते का? फॅमिली लिंकची संकेतस्थळांची गाळणी क्रोमपुरती असते, त्यामुळे दुसरा कोणताही ब्राउझर फोनमध्ये असेल तर त्याचे नाव वहीत यावे. पूर्वी एकदा परवानगी दिलेला खेळ काढून पुन्हा घेताना गूगल प्ले नव्याने विचारत नाही, म्हणून ‘न विचारता आले’ असे वाटणारे ॲप जुन्या परवानगीचे आहे का, ते पाहावे. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो म्हणून व्हॉट्सॲप सदैव खुले ठेवलेले असते. परंतु त्याचे किमान वय १३ आहे, आणि लहान मुलाच्या बाबतीत गृहपाठ आईच्या फोनवर घेऊन वहीत उतरवून देणे मला अधिक बरे वाटते. दूरदर्शन संचावरील यूट्यूब या सगळ्या हिशेबाच्या बाहेर असते, एवढे लक्षात असू द्यावे.

नियंत्रणासाठी विकत घेतलेले तिसऱ्याच कंपनीचे ॲप असेल, तर त्याला दिलेल्या परवानग्या एकेक करून तपासाव्या लागतात : ॲक्सेसिबिलिटी, वापराची माहिती, उपकरणाचे प्रशासन, आपोआप सुरू होणे आणि बॅटरीची बचत. अनेक फोन बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतील ॲप मारून टाकतात आणि मग दुपारी नीट चाललेले नियंत्रण रात्री मेलेले आढळते. फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू केला तर अशी ॲप्स चालतच नाहीत, हेही मुलांना ठाऊक असते.

काय करू नये, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहावे. मुलाचे खाते काढून टाकू नये आणि फोन फॅक्टरी रिसेट करू नये. अँड्रॉइड ५.१ पासून असलेल्या संरक्षणामुळे असा पुसलेला फोन पूर्वीच्याच खात्याचा पासवर्ड मागू शकतो, आणि तो हाताशी नसेल तर बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजाराच्या, फेऱ्या मारूनही तो मिळणार नाही. शोधयंत्रात सापडलेल्या ‘कस्टमर केअर’च्या क्रमांकावर फोन करू नये, पलीकडचा माणूस पडदा दुरून दाखवणारे ॲप घ्यायला सांगू लागला की फोन ठेवावा, आणि पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर कळवावे. एका वेळी एकच सेटिंग बदलावे, बदलाची वेळ लिहावी, मुलाचे उपकरण इंटरनेटला जोडून ठेवावे, कारण बंद पडलेल्या जोडणीत नवा नियम तेथे पोहोचतच नाही, आणि त्यानंतरच पुढच्या सेटिंगकडे वळावे. चाचणीसाठी रात्रीची वाट पाहू नये. पाच मिनिटांची मर्यादा लावून ती संपताना दोघांनी मिळून पाहावी.

शेवटची तयारी दुरुस्तीनंतरची आहे. मुलाचा फोन इंटरनेटविना लॉक झाला तर पालकाच्या फॅमिली लिंकमध्ये दिसणारा प्रवेश-संकेतांक घालून तो उघडता येतो, आणि त्यासाठी मुलाच्या फोनला इंटरनेट लागत नाही. आई हिंजवडीला कामावर, मूल सदाशिव पेठेत आजीकडे, जाड भिंतींच्या वाड्यात मुलाच्या फोनला रेंज नाही आणि तो लॉक झालेला, अशा वेळी आईने हा संकेतांक आजींना त्यांच्या फोनवर वाचून दाखवायचा असतो. तो कोठे दिसतो हे आईने, आणि कोठे घालायचा हे आजींनी, त्याच रविवारी एकदा प्रत्यक्ष करून पाहावे.