पायाखालचं पाणी नेमकं कुठलं? जुन्या गाडीच्या हीटरची गळती शोधताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या पावसाळ्यात जुन्या गाडीची मॅट ओली सापडली की संशयित तीन असतात: पावसाचं पाणी, एसीचं पाणी आणि हीटर कॉइलमधून, म्हणजे केबिनची हवा गरम करणाऱ्या जाळीतून, गळणारं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी). तिन्ही डॅशबोर्डच्या पोटातूनच खाली येतात. त्यात बॉनेटखालच्या कूलंटच्या बॉटलमधली पातळी थोडी उतरलेली दिसली की निदान ठरलेलंच: "हीटर कॉइल गेली, डॅश उतरायला लागतंय मालक." पण वीस वर्षांच्या गाडीचा डॅश एकदा उतरला की तो पूर्वीसारखा बसत नाही. ठिसूळ झालेल्या क्लिपा तुटतात आणि पुढे प्रत्येक स्पीडब्रेकरला खडखड सुरू होते. म्हणून पाणी कुठलं हे ठरल्याशिवाय पान्याला हात लावू देऊ नका.

एसीच्या पाण्याचं बिल हीटरवर फाडणं

ही सगळ्यात जास्त होणारी गल्लत. एसीच्या कूलिंग कॉइलवर दमट हवेतलं पाणी जमतं आणि एका नळीतून रस्त्यावर पडतं. ती नळी धूळ, पानांचा चुरा यांनी तुंबली की तेच पाणी आत उतरतं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत कूलिंग कॉइल डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते, तर हीटर कॉइल मधोमध, गिअरच्या पुढे. त्यामुळे फक्त डावी मॅट ओली असेल तर आधी एसीची नळी बघा. मधल्या उंचवट्याच्या कडेचं कार्पेट, विशेषतः क्लचच्या बाजूचं, ओलं असेल तर हीटरवर संशय घ्या. अर्थात गाडी उतारावर लावली असेल तर पाणी कुठेही वाहत जातं, तेव्हा केवळ जागेवरून निकाल देऊ नका.

पांढरा टिश्यू पेपर कार्पेटवर दाबून धरा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याला वास नसतो. कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो आणि कागदाला हिरवा, लाल किंवा निळा रंग चढतो. चव घेऊन मात्र बघू नका. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. पावसाचं पाणी मातकट असतं आणि रात्रभर गाडी पावसात उभी राहिली की सकाळी सापडतं. काचेखालच्या जाळीत अडकलेली झाडाची पानं काढली की अनेकदा तेवढ्यावरच भागतं.

गाडीत साधं पाणी असताना रंग आणि वास शोधणं

वरची परीक्षा कूलंट असेल तरच चालते. कित्येक जुन्या जीप, सुमो, ओम्नी वर्षानुवर्षं नळाच्या नाहीतर बोअरच्या पाण्यावर फिरत असतात. त्यांच्या गळतीला रंगही नसतो आणि वासही नसतो, फार तर गंजाची तांबूस छटा असते. अशा गाडीत आधी जुनं पाणी काढून योग्य मिश्रणाचं कूलंट भरा आणि दोन-चार दिवस चालवा. मग टिश्यूवर काय येतं ते बघा.

हीटरचा नॉब थंडवर ठेवून तपासणं

आपल्याकडे हीटर लागतो कधी? डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे, नाहीतर गगनबावड्याच्या धुक्यात काच साफ करायला. एरवी वर्षभर नॉब निळ्या टोकालाच असतो. जुन्या बऱ्याच गाड्यांत या नॉबच्या केबलवर एक कॉक (पाण्याची छोटी तोटी) चालतो आणि तो बंद असला की कॉइलमधून गरम पाणी फिरतच नाही. म्हणून वर्षभर शहाण्यासारखी वागणारी गाडी थंडीत अचानक गळायला लागते. कधी कॉइल धड असते, पण बऱ्याच दिवसांनी फिरवलेला कॉकच दांड्याशी पाझरू लागतो.

तेव्हा तपासणी अशी करा. पाऊस नसलेला दिवस निवडा, एसी बंद ठेवा, नॉब पूर्ण गरमवर आणि हवा काचेवर सोडा. इंजिन तापेपर्यंत गाडी चालवा. पन्हाळ्याचा चढ त्याला उत्तम. काचेच्या आतून चिकट धुरकट थर बसला, कोरड्या फडक्याने पुसल्यावर तो नुसता पसरला आणि ब्लोअर लावताच परत आला, तर तो कूलंटच्या वाफेचा असतो. सोबत गोड वास असेल तर हीटरकडचीच गळती, फारशी शंका उरत नाही. डॅशच्या आत झुळझुळ आवाज येत असेल तर पाणी कमी होऊन कॉइलमध्ये हवा शिरली आहे असं समजा. तो आवाज गळती कुठे आहे हे सांगत नाही, पातळी उतरली आहे एवढंच सांगतो.

बॉनेट न उघडता डॅश उघडणं

इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून हीटरचे दोन होस आत जातात. त्यांची टोकं, क्लिपा आणि वॉटर पंपाखालचं बारीक भोक टॉर्च लावून बघा. कूलंट सुकलं की पांढरट-हिरवट पापुद्रा राहतो. गळती कोरडी दिसली तरी तो सापडतो. होस जिथे पत्र्यातून जातो तिथलं पाझरणारं पाणी रबरी बुशातून आत झिरपतं आणि दोष बिचाऱ्या कॉइलवर येतो.

बाहेर काहीच दिसत नसेल तर प्रेशर टेस्ट, म्हणजे कूलंटच्या वाटेत हवेचा दाब देऊन तो टिकतो का ते बघणं. उद्यमनगरात रेडिएटरचं काम करणाऱ्या कुणाकडे तरी हातपंपाचा टेस्टर मिळेल. इंजिन पूर्ण थंड असताना तो रेडिएटरच्या झाकणाच्या जागी बसवायचा आणि झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा, बऱ्याच जुन्या गाड्यांत 0.9 किंवा 1.1 बार. "जरा जास्त दे, लवकर कळंल" म्हणणाऱ्याला थांबवा. चांगली असलेली कॉइलही त्यात फुटते. पंधरा मिनिटांत काटा उतरला तर गळती आहे. मग हीटरचे दोन्ही होस पत्र्याजवळ काढून एकमेकांना जोडा आणि पुन्हा दाब द्या. आता काटा जागचा हलला नाही, तर डॅश उतरवायला हरकत नाही. तरीही उतरला, तर कॉइलच्या बाहेरही गळती आहे. ती आधी शोधा.

पहिल्याच टेस्टला काटा स्थिर राहूनही गाडी पाणी खात असेल, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीकडे वळा. फक्त ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही धरते.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडणं ही चूक सगळ्यांना माहीत असते, तरी घाटात गाडी तापली की होतेच. 0.9 बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. वरचा होस हाताला गार लागेपर्यंत थांबा.

हळद

ट्रकवाल्यांचा जुना तोडगा: रेडिएटरमध्ये मूठभर हळद. रेडिएटरचं बारीक छिद्र बुजतंही, गाडी घरी येतेही. पण हीटर कॉइलच्या नळ्या अरुंद असतात आणि हळदीचा गाळ तिथेच बसतो. बाटलीतल्या लीक-स्टॉपचंही तेच. आडरानात नाइलाज म्हणून ठीक, दुरुस्ती म्हणून नाही. अडचणीत त्यापेक्षा होस जोडून कॉइल वगळणं बरं. मात्र टोकं बुजवू नका, जोडाच. काही इंजिनांत थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बंद असताना पाणी त्याच वाटेने फिरतं. जोडायला हीटर होसच वापरा, बागेची नळी तासाभरात मऊ पडते. आणि हे कायमचं करून विसरू नका, नाहीतर धुक्यात काच साफ करायला गरम हवा मिळणार नाही.

तांब्या-पितळेची जुनी कॉइल डाख देऊन दुरुस्त होते. अ‍ॅल्युमिनियमची, प्लास्टिक टाकीची असेल तर बदलाच. होस बसवताना प्लास्टिकच्या तोंडावर क्लिप जीव खाऊन आवळू नका. आज गळती थांबते, महिन्याने तोंडच तडकतं.

कूलंट भरताना नॉब गरमवर ठेवा, गाडीचं तोंड चढाकडे करा आणि सावकाश भरा, म्हणजे अडकलेली हवा वर येते. हवा राहिली तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन तापलेलं असताना काटा निवांत दिसतो. फॅन एकदा चालू होऊन बंद झाला की इंजिन थंड होऊ द्या आणि सकाळी पातळी पुन्हा बघा. भिजलेलं कार्पेट आणि त्याखालचा नमदा बाहेर काढून उन्हात वाळवा. वरून कोरडा वाटणारा नमदा आत आठवडाभर ओल धरून ठेवतो आणि खालचा पत्रा सडवतो. काढलेलं जुनं कूलंट दारात उघडं ठेवू नका, गोडीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात.