अमेरिकेतल्या सरकारी शाळेत शिक्षक-कोच म्हणून रुजू होताना करारपत्र कसे वाचावे

दुपारपर्यंत वर्गात बीजगणित आणि शाळा सुटली की गळ्यात शिट्टी अडकवून मैदान, हा अमेरिकेतल्या असंख्य सरकारी शिक्षकांचा दिनक्रम. (कोच म्हणजे इथे क्लासवाले सर नव्हेत, खेळाचे प्रशिक्षक.) माणूस एकच, पगारही एकाच खात्यात जमा होतो, पण कायद्याच्या हिशेबी या बहुधा दोन नोकऱ्या असतात. वर्गातली अनेक राज्यांत कालांतराने पक्की होते, मैदानातली सहसा होत नाही. कागद वाचायचा तो हे लक्षात ठेवूनच.

१. मालक कोण ते पाहा
करार शाळेशी नसतो, स्कूल डिस्ट्रिक्टशी म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेशी असतो. मुख्याध्यापक ‘तुमचं पक्कं समजा’ म्हणाले तरी त्यांच्या हातात असते ती शिफारस. डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची मंजुरी मिळेपर्यंत जुनी नोकरी सोडू नका. ‘पुढच्या वर्षी मुख्य संघ तुमच्याकडे’ हे आश्वासनही कागदावर नसेल तर नाहीच असे धरा.

२. करार कोणत्या प्रकारचा?
हे राज्याच्या कायद्यावर ठरते, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा सल्ला इथे फारसा उपयोगी नाही. कॅलिफोर्नियात साधारणपणे दोन वर्षे प्रोबेशन असते आणि दुसऱ्या वर्षी १५ मार्चपर्यंत नकार कळवला नाही तर शिक्षक कायम होतो. न्यू जर्सीत २०१२ च्या कायद्यानंतर नव्या शिक्षकाला चार वर्षे थांबावे लागते. फ्लोरिडात १ जुलै २०११ पासून नव्याने लागलेल्यांना कायम नोकरीचा करार मिळत नाही. टेक्ससमध्ये प्रोबेशनरी (परीक्षाकाळाचा), टर्म (ठरावीक मुदतीचा) आणि कंटिन्युइंग (पुढे चालू राहणारा) असे तीन प्रकार आहेत.

कायम झालो म्हणजे कुणी हात लावू शकत नाही, हा गैरसमज. काढता येते, पण आधी आरोप सांगावे लागतात आणि म्हणणे ऐकून घ्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये लाउडरमिल खटल्यात हेच बजावले. गंमत म्हणजे तो खटला शिक्षकाचा नव्हता, क्लीव्हलँडच्या शिक्षण मंडळाच्या सुरक्षारक्षकाचा होता. याउलट केवळ एका वर्षाची नेमणूक संपली आणि ती वाढवली नाही, तर राज्यघटनेनुसार सुनावणी मागता येत नाही, हे १९७२ च्या रॉथ खटल्यात ठरले होते.

३. कोचिंगचा कागद वेगळा आहे का?
इथे घाई करू नका. बऱ्याच ठिकाणी कोचिंगसाठी सप्लिमेंटल म्हणजे पूरक नावाचा वेगळा करार असतो. तो एका हंगामाचा किंवा वर्षाचा. म्हणजे नेमणूक दोन्ही अर्थांनी हंगामी! संघ सतत हरला आणि कोचिंग गेले, तरी वर्गातली नोकरी राहते. तुम्हाला स्वतःला कोचिंग सोडायचे असेल तरी वर्गाला धक्का लागत नाही.

टेक्ससमध्ये मात्र दोन्ही कामे एकाच करारात बांधण्याची पद्धत सर्रास आहे. तिथे नुसते कोचिंग सोडतो म्हणून चालत नाही. सोडायचे तर सगळेच सोडावे लागू शकते. माझ्या मते पगाराच्या आकड्याआधी हे कलम शोधावे.

आणि वार्षिक करारावरच्या कोचला काहीच हक्क नसतात असेही नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन इथले फुटबॉलचे सहायक कोच केनेडी यांचे करार वर्षावर्षाचेच होते. सामन्यानंतर मैदानात प्रार्थना करण्यावरून वाद झाला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र तो निकाल करारावर नव्हे, भाषण आणि धर्माच्या स्वातंत्र्यावर उभा होता.

४. पैशाचे गणित
शिक्षकाचा पगार सहसा तक्त्यावरून ठरतो: एका बाजूला सेवेची वर्षे, दुसऱ्या बाजूला पदव्या. जुना अनुभव किती वर्षांचा धरला, ते सही करण्याआधी विचारा. कोचिंगचे मानधन वेगळे आणि ठोक असते. ते तासांनी भागून बघू नये, वाईट वाटते. ओव्हरटाइमची आशाही नको: मुख्य काम शिकवणे असेल तर संघराज्याचा ओव्हरटाइमचा नियम लागू होत नाही, आणि खेळ शिकवणे त्याच कामाचा भाग धरले जाते.

५. कराराबाहेरचे कागद मागवा
करारपत्र अनेकदा दोन-तीन पानांचेच असते. खरा मजकूर बोर्डाच्या धोरणांत आणि युनियनच्या सामूहिक करारात सापडतो. टेक्ससमध्ये शिक्षकांना सामूहिक करार करता येत नाही, तेव्हा तिथे धोरणे नीट वाचा.

६. सोडण्याची तारीख वहीत लिहा
टेक्ससमध्ये अध्यापनाच्या पहिल्या दिवसाच्या ४५ दिवस आधीपर्यंत राजीनामा दिला तर दंड नाही. शाळा ऑगस्टच्या मध्यावर भरत असेल, तर ही मुदत जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या आरंभी येते. नंतर सबळ कारणाशिवाय निघून गेलात तर शिक्षकाच्या परवान्यावरच कारवाई होऊ शकते. राजीनामा लेखी द्या आणि पोच घ्या.