उन्हातल्या वाफ्यासाठी छोटं शोभेचं झाड कसं निवडायचं

आधी झाड नाही, जागा बघा. रोज सहा तास तरी थेट ऊन येतंय का आणि भिंत किती अंतरावर आहे, कारण नर्सरीत कमरेएवढं दिसणारं झाड पुढे १०-१५ फूट होतं आणि पसरतं पण, मग नुसती छाटणी करत बसा. फूटभर खड्डा खणून पाणी भरा, दुसऱ्या दिवशीही साचलेलं दिसलं तर तिथे चाफा नकोच, मुळं कुजतात. झिरपत असेल तर चाफा नाहीतर क्रेप मर्टल (झुपक्यांनी फुलणारं छोटं झाड) बिनधास्त लावा, दोघांनाही भरपूर ऊन लागतं, फक्त कडाक्याच्या थंडीत चाफा टिकत नाही. आणि घेताना कुंडीतून हळूच काढून मुळं बघाच प्लीज, गोल गोल गुंडाळलेली असतील तर दुसरं मागा, कितीही फुलं लागलेली असली तरी.