गाड्या, जुन्या इमारती आणि रोजचा रस्ता टिपताना या चुका टाळा

इंजिनावरचा क्रमांक पुसट, बसच्या पाटीवर अर्धीच अक्षरं, जुनी इमारत मागे कललेली आणि फोटो नेमका कधी काढला ते आठवत नाही. गाड्या आणि इमारतींचे फोटो काढणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात. सूर्यास्ताचा फोटो बिघडला तर उद्या पुन्हा सूर्यास्त आहे. आज धावणारी बस मात्र पुढच्या वर्षी मोडीत निघालेली असू शकते, इमारतीचा दर्शनी भाग पत्र्याआड गेलेला असू शकतो. म्हणून या छंदात फोटो सुंदर आहे का, याच्याआधी तो वाचता येतो का हे बघावं, असं माझं ठाम मत आहे.

धावती गाडी पुसट येते

इथे थोडं गणित करावंच. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २० मीटर जाते. शटर १/१०० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात ती २० सेंटिमीटर सरकते, १/१००० ला फक्त २ सेंटिमीटर. ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत गाडीची २० मीटर लांबी मावली असेल, तर पहिल्या फोटोत प्रत्येक कड ४० पिक्सेल फासली जाते आणि दुसऱ्यात ४. क्रमांक वाचता येणं न येणं एवढ्यावर ठरतं. कॅमेरा ऑटोवर असला की ढगाळ दिवशी तो निमूटपणे शटर मंद करतो, आणि घरी येऊन फोटो मोठा केल्यावर ते कळतं. शटर स्पीड स्वतः ठरवा आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे त्याचं माप, वाढू द्या. फोटोत थोडे दाणे आले तरी अक्षरं वाचता येतात, फासलेली अक्षरं कशानेही सुधारत नाहीत.

उजेड कमीच असेल तर उभं राहण्याची जागा बदला. गाडी अगदी समोरून आडवी जाताना हालचाल सगळ्यात जास्त दिसते. तीच गाडी तुमच्याकडे येत असताना रुळाच्या रेषेशी साधारण १५ अंशांच्या कोनातून टिपली, तर आडवी हालचाल जवळजवळ चौथाईवर येते. वळणाच्या बाहेरच्या बाजूने असा कोन सहज मिळतो, शिवाय इंजिनासोबत मागचे डबेही दिसतात.

फोकसचंही आधीच ठरवून ठेवा. गाडी जिथे टिपायची त्या जागेवरचा रुळाखालचा स्लीपर किंवा बाजूचा खांब धरून फोकस लावा, तो तिथेच लॉक करा आणि गाडी त्या जागी यायच्या किंचित आधी बटण दाबा. पुढचा दिवा पेटलेला असेल तर कॅमेरा दिव्याला भुलून बाकी गाडी काळी करतो. अशा वेळी उजेडाचं माप दिव्यावर न घेता गाडीच्या अंगावर घ्या.

बसच्या पाटीवर अर्धीच अक्षरं

एलईडी पाटीवरचे सगळे दिवे एकाच वेळी पेटलेले नसतात. ओळीमागून ओळ इतक्या झपाट्याने पेटते की डोळ्याला ती अखंड दिसते. १/१००० सेकंदाच्या शटरला त्यातल्या काहीच ओळी सापडतात. म्हणजे गाडी गोठवायला जे करायचं, त्याच्या नेमकं उलट पाटीसाठी करावं लागतं. सोपा मार्ग असा की बस थांब्यावर किंवा सिग्नलला उभी असताना १/६० च्या आसपास फोटो घ्यायचा. पाट्या सारख्या नसतात, त्यामुळे आधी एका बसवर दोन-तीन शटर स्पीड करून बघा. धावत्या बसची पाटी हवीच असेल तर त्याच शटर स्पीडला कॅमेरा बससोबत वळवत फोटो घ्या. याला सराव लागतो आणि बरेच फोटो वाया जातात, पण साधला तर बस स्पष्ट आणि मागचा रस्ता वाहता दिसतो.

डबे तिरपे, खांब वाकडे

बाजूने जाणारी गाडी फोटोत एका बाजूला झुकलेली दिसली, की बरेच जण शटर आणखी वेगवान करतात. त्याने काही होत नाही. फोनचा सेन्सर, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचा सायलेंट मोडमधला सेन्सर, चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. खालची ओळ वाचून होईपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. कॅमेऱ्यात यांत्रिक शटर निवडा. फोनवर तो पर्याय नाही, तेव्हा लांब उभे राहा आणि आडव्याऐवजी तिरका कोन घ्या.

सगळ्यात महाग चूक

फोनची नेहमीची लेन्स वाइड असते, त्यामुळे पडद्यावर गाडी आहे त्याहून दूर दिसते. ताशी १०० किलोमीटरची गाडी ५ सेकंदांत जवळपास १४० मीटर अंतर कापते, आणि चालकाने ब्रेक लावला तरी ती तुमच्यापर्यंत पोचण्याआधी थांबू शकत नाही. एका गाडीच्या आवाजात शेजारच्या रुळावरून येणारी दुसरी ऐकूच येत नाही. रुळांवर किंवा रुळांमध्ये उभं राहून काढलेला एकही फोटो त्या धोक्याच्या तोलाचा नाही. प्लॅटफॉर्मवरच्या पिवळ्या रेषेच्या मागे राहा, चालकाच्या दिशेने फ्लॅश मारू नका, आणि विजेच्या तारांखाली सेल्फी स्टिक किंवा ट्रायपॉड उंच धरू नका. अनेक मार्गांवर त्या तारांत २५,००० व्होल्ट असतात आणि धक्का बसायला तारेला हात लागावाच लागतो असं नाही.

परवानगीचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते जाण्याआधी विचारून घ्या. अमेरिकेत विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं रात्रीच्या अंधारात मोठमोठे फ्लॅश बल्ब लावून टिपली. रेल्वेचं सहकार्य नसतं तर हे काम झालंच नसतं.

इमारत मागे पडल्यासारखी

उंच इमारत पूर्ण मावावी म्हणून आपण कॅमेरा वर उचलतो आणि उभ्या भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. कॅमेरा सरळ धरा, मागे जा, आणि खाली जास्तीचा रस्ता येत असेल तर तो नंतर कापा. समोरच्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरून फोटो घेता आला तर फारच उत्तम. सॉफ्टवेअरने भिंती सरळ होतात, पण कडेचा भाग कापला जातो. तेव्हा चारी बाजूंनी मोकळी जागा सोडूनच फोटो काढा, नाहीतर कळसाचं टोक जातं.

ऊन कधी येतं तेही बघा. उत्तर गोलार्धात, कर्कवृत्ताच्या वर, उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर वर्षाचा बराच काळ थेट ऊन पडतच नाही. तिथे सोनेरी प्रकाशाची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, ढगाळ दिवस निवडा. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने १९५९पासून पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, भट्ट्या असं औद्योगिक बांधकाम ढगाळ आकाशाखाली आणि समोरासमोरून टिपलं. सावल्या नाहीत, नाट्य नाही, त्यामुळे बांधणीचा सांधा न् सांधा दिसतो. कोरीवकाम मात्र सपाट उजेडात मरतं, त्याला तिरकं ऊनच हवं.

समोर सतत माणसं असतील तर ट्रायपॉडवर, उजेड कमी करणारी काळी एनडी फिल्टर लावून, मिनिटभराचं एक्सपोजर द्या, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवा. चालती माणसं उमटत नाहीत. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेर यांनी १८३८ साली पॅरिसच्या रस्त्याचा फोटो काढला, त्यातली सगळी वर्दळ अशीच नाहीशी झाली आणि बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस तेवढा उमटला, कारण तो जागचा हलला नाही. अर्थात गर्दी काढून टाकण्याआधी ती हवी आहे का, हे स्वतःला विचारा. माणसांमुळेच इमारतीची उंची आणि काळ कळतो.

नेहमीचं म्हणून सोडून देणं

खास रंगवलेलं इंजिन सगळेच टिपतात. थांब्यावरचा खांब, तिकिटाची खिडकी, दुकानाच्या पाट्या कोणी टिपत नाही, आणि नेमकं तेच गुपचूप बदलतं. युजीन आत्जे यांनी १९२७ साली मृत्यू होईपर्यंत तीसेक वर्षं जुन्या पॅरिसमधल्या दुकानांचे दर्शनी भाग, जिने, अंगणं टिपली. गिऱ्हाइकांना ते संदर्भासाठी विकत. आज ते शहर बघायचं तर त्यांच्या फोटोंकडे जावं लागतं. गाडी टिपतानाही चौकट इतकी घट्ट नको की भोवतालचा सिग्नल, पाटी, झाड बाहेर राहील. चेहरा ओळखू येईल इतक्या जवळून माणसाचा फोटो घ्यायचा तर आधी विचारा, मुलांच्या बाबतीत त्यांच्या पालकांना.

तारीख आणि जागा हरवते

कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का ते बघा, विशेषतः बॅटरी बराच काळ बाहेर राहिली असेल तर. मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवलेला फोटो बहुधा लहान होतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती पुसली जाते, म्हणून मूळ फाइल वेगळी जपा. त्याच संध्याकाळी फोल्डरच्या नावात तारीख आणि जागा घाला, फोटोच्या माहितीत मार्ग क्रमांक, गाडी क्रमांक आणि आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे होतो ते लिहा. दिशा लिहायची सवय फार थोड्यांना असते, पण आजूबाजूच्या इमारती बदलल्यावर जागा ओळखायला तीच उपयोगी पडते. प्रती तीन ठेवा, त्यातली एक घराबाहेर, आणि वर्षातून एकदा प्रत्येक डिस्कवरचे काही फोटो उघडून बघा.