स्टॅबिलायझर लिंक बदलण्याआधी करावयाची तयारी

पुढच्या चाकांकडून खडखड ऐकू येऊ लागली की बरेच गाडीमालक आधी सुट्या भागांच्या दुकानात भाव विचारतात आणि निदानाचा विचार नंतर करतात. या तयारीत तो क्रम उलटा ठेवावा. पुढच्या दोन स्टॅबिलायझर लिंक बदलणे हे मोजून चार नटांचे काम आहे. आवाज खरोखर लिंकमधूनच येतो आहे याची खात्री करून घेणे मात्र वेळ मागते, आणि तो वेळ आधीच राखून ठेवावा. श्रावणात कानबाईसाठी, म्हणजे खानदेशातील देवीच्या सणासाठी, भरल्या गाडीने गावी जायचे असेल, तर नागपंचमीनंतरच्या रविवारी या सणाचे रोट असतात हे ध्यानात घेऊन निदान किमान दोन आठवडे आधी उरकावे; म्हणजे दुकानात लिंक शिल्लक नसली तरी मागवून घ्यायला सवड राहते.

लिंक काय काम करते हे स्पष्ट असल्याशिवाय तपासणी नीट होत नाही, म्हणून तेवढे आधी समजून घ्यावे. क्रॉसओव्हरचा, म्हणजे एसयूव्हीसारख्या उंच कारचा, सांगाडा वळणावर एका बाजूला फार झुकू नये यासाठी पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक वाकवलेली पोलादी सळई आडवी बसवलेली असते. तिला स्टॅबिलायझर बार म्हणतात. या बारचे प्रत्येक टोक एका लहान उभ्या दांडीने, म्हणजे लिंकने, बहुतेक गाड्यांत स्ट्रटला (स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बरच्या उभ्या जोडीला) आणि काहींत लोअर आर्मला (चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या भागाला) जोडलेले असते. लिंकच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असतो, त्यात ग्रीस भरलेले असते आणि वर रबरी बूट, म्हणजे आवरण, असतो. दोन्ही चाके एकदम सारखीच वर गेली तर बार नुसता फिरतो, त्याला पीळ बसत नाही आणि लिंकवर फारसा भार येत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली राहिले की बार पिळला जातो आणि ती सगळी ओढ लिंकच्या त्या दोन लहान सांध्यांवर येते. निदानाची बहुतेक युक्ती या एका गोष्टीत आहे.

खानदेशातील रस्त्यांवर लिंक लवकर का झिजतात, याचे उत्तरही त्यातच आहे. सुरत-धुळे-नागपूर महामार्ग सोडून गाडी रावेर-यावलकडच्या किंवा चोपड्याकडच्या आतल्या रस्त्याला लागली की समोरून केळीने किंवा कापसाने भरलेली ट्रॉली येते आणि आपल्याला डावी चाके साइडपट्टीवर उतरवावी लागतात. डांबराची कड तुटलेली असेल तर डावे चाक अचानक खाली जाते, उजवे डांबरावरच राहते आणि त्या क्षणी बारला पूर्ण पीळ बसतो. त्यात काळ्या मातीची बारीक धूळ फाटक्या बुटातून आत शिरली आणि ग्रीसमध्ये मिसळली की ग्रीस वंगणाचे काम सोडून धातू घासू लागते. पावसाळ्यात हाच चिखल बुटाभोवती थापला जातो आणि उन्हाने वाळून घट्ट होतो. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी पुढच्या दोन्ही चाकांच्या कमानीतून पाण्याचा जोरदार फवारा मारून माती काढावी आणि सर्व भाग पूर्ण वाळू द्यावेत. मातीखाली बुटाची चीर दिसत नाही.

रस्त्यावरच्या चाचणीला निघण्यापूर्वी डिकीतील जॅक, पाने आणि सुटे सामान काढून ठेवावे, स्टेपनी घट्ट बसली आहे का ते पाहावे आणि दारांच्या कप्प्यांतील बाटल्याही काढाव्यात. चारही टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे भरून घ्यावी. मग एसी आणि गाणी बंद करून, काचा खाली घेऊन, ताशी १५ ते २५ किलोमीटर वेगाने एखाद्या ओळखीच्या उखडलेल्या रस्त्यावरून जावे आणि शेजारी कान देऊन ऐकणारे कुणीतरी बसवावे, कारण आवाज कोणत्या बाजूचा हे चालवणाऱ्याला नेमके कळत नाही. लिंकचा आवाज हलका, कोरडा आणि जलद असतो. लहान लहान खड्ड्यांवर टक-टक असा येतो आणि वेग वाढला की टायरच्या आवाजात बुडतो. त्यानंतर एकच गतिरोधक दोनदा ओलांडावा: एकदा अगदी सरळ, दोन्ही चाके एकदम चढतील असा, आणि एकदा तिरपा, एक चाक आधी चढेल असा. सरळ जाताना शांतता आणि तिरपे जाताना ठोका, असे घडले तर संशय लिंकवर किंवा बारला धरणाऱ्या रबरी गादीवर, म्हणजे बुशवर, पक्का होतो.

दुसऱ्या शक्यताही याच फेरीत बाजूला काढाव्यात. उखडलेल्या रस्त्यावर ब्रेक अगदी हलका दाबून ठेवल्यावर खडखड थांबत असेल तर ती ब्रेक पॅड किंवा ते दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिनांची आहे. ब्रेक मारताना आणि गाडी पुन्हा सोडताना एकेक जड ठोका येत असेल तर लोअर आर्मचे बुश पाहावेत. गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग उसळल्यासारखा आवाज येत असेल तर स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचे बेअरिंग तपासावे लागेल. या गोष्टी न पाहता ‘जम्पर गेले’ असा निकाल देण्याची सवय अनेक गॅरेजमध्ये आहे, आणि मग चांगले शॉक ॲब्सॉर्बर बदलूनही आवाज तसाच राहतो. काही शे रुपयांच्या लिंकसाठी हजारो रुपयांचे काम होणे हे मालकावर अन्याय करणारे आहे, आणि तेवढ्यासाठी तरी ही अर्ध्या तासाची चाचणी टाळू नये.

हाताने तपासताना मुख्य पथ्य हे की पुढची दोन्ही चाके एकाच पातळीवर असावीत. एकच बाजू जॅकवर उचलली तर लटकणारे चाक बारला पीळ देते, लिंक ताणली जाते आणि झिजलेला सांधादेखील घट्ट वाटतो. गाडी रॅम्पवर किंवा सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर चाकांवर उभी असणे सर्वांत उत्तम. तशी सोय नसेल तर पुढच्या दोन्ही बाजू उचलून जॅक स्टँडवर सारख्या उंचीवर ठेवाव्यात. मग लिंक मधोमध मुठीत धरून वर-खाली आणि आत-बाहेर झटके द्यावेत व दुसऱ्या हाताचे बोट बॉल जॉइंटवर टेकवून ठेवावे. खेळ असेल तर डोळ्यांना दिसण्याआधी तो बोटाला जाणवतो. चांगली लिंक आपल्या अक्षाभोवती थोडी फिरते, त्याला दोष समजू नये. टक असा ठोका जाणवला तर ती गेली. बुटाला चीर, बाहेर आलेले काळे ग्रीस किंवा सांध्याच्या कडेला तांबूस गंज दिसला, तर आज आवाज नसला तरी तिचे दिवस भरत आले असे धरावे. बार चेसिसला जिथे धरलेला असतो तेथील दोन रबरी बुश लहान टॉमीने (लोखंडी पहारीने) हलवून पाहावेत, कारण त्यांचा आवाज आणि लिंकचा आवाज जवळजवळ सारखाच असतो.

इतके करूनही शंका उरली तर दोन्ही लिंकची खालची टोके सोडवून, ती तारेने किंवा केबल टायने पक्की बाजूला बांधून, त्याच रस्त्यावर हळू चालवून पाहावे. आवाज गेला तर दोष लिंकमध्ये किंवा बारच्या बुशमध्ये आहे. कायम राहिला तर तो दुसरीकडे आहे आणि लिंक विकत घेण्याचे कारण उरत नाही. या अवस्थेत गाडी वळणावर नेहमीपेक्षा बरीच जास्त झुकते. म्हणून ही फेरी गल्लीत किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावरच मारावी. कन्नडच्या घाटात किंवा महामार्गावर अशी गाडी नेणे धोक्याचे आहे.

दोष पक्का झाल्यावर मगच दुकान गाठावे. सोबत आरसी किंवा चेसिस क्रमांक न्यावा, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत लिंकची लांबी बदलू शकते, आणि काही गाड्यांत डावी व उजवी लिंक वेगळी असते. क्रेटा, नेक्सॉन, ब्रेझा अशा बहुतेक छोट्या क्रॉसओव्हरना मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी एकच आडवी तुळई) असल्याने वेगळ्या मागच्या लिंक नसतात. एक्सयूव्ही ७०० सारख्या मागे स्वतंत्र सस्पेंशन असलेल्या गाड्यांत मात्र मागचीही जोडी तपासावी लागते. एकच लिंक वाजत असली तरी दोन्ही बदलाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे: दोघी सारख्याच रस्त्यावर सारखेच किलोमीटर चालल्या आहेत आणि दुसरी फार मागे राहत नाही. जुन्या लिंकची स्टडपासून (टोकाच्या आटे असलेल्या खुंटीपासून) स्टडपर्यंतची लांबी मोजून ठेवावी आणि नव्या लिंकशी दुकानातच ताडून पाहावी. डब्यात नवे लॉकनट आहेत का ते पाहावे. नायलॉनची कडी असलेला नट एकदा काढला की त्याची पकड कमी होते, म्हणून जुना नट पुन्हा वापरू नये. बूट घट्ट बसलेला आहे, स्टड हाताने फिरवताना सारखा जड लागतो आहे आणि आटे स्वच्छ आहेत, एवढे पाहूनच पैसे द्यावेत.

कामाची जागा ठरवताना काळ्या मातीवर अजिबात विसंबू नये. कोरडी असताना ती दगडासारखी वाटते, पण वरून पापुद्रा टणक आणि खाली भेगा असतात. जॅकखाली ती एका बाजूने दबते आणि ओलसर असेल तर गाडी सरकते. सपाट कोबा किंवा काँक्रीटच हवे, आणि कोबा जुना असेल तर जॅक व स्टँडखाली जाड सागवानी फळी घालावी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दहा वाजल्यानंतर पाने हातात धरवत नाहीत; काम सूर्योदयाला सुरू करावे किंवा पत्र्याऐवजी झाडाच्या सावलीत करावे. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावावेत. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये, आणि काढलेले चाक सांगाड्याखाली आडवे सारून ठेवावे.

पान्यांमध्ये लिंकच्या नटाला लागणारी गोटी (सॉकेट) आणि रिंग पाना हे दोन्ही हवेत. बहुधा १४ ते १८ मिलिमीटरमधला माप लागतो, तो आदल्या दिवशी लावूनच पाहावा. नट फिरवताना आतला बॉलही सोबत फिरू लागतो, म्हणून स्टडच्या टोकाला ॲलन कीसाठी षटकोनी खाच ठेवलेली असते किंवा बुटामागे पाना बसेल अशी चपटी जागा असते. या खाचेकडे नीट लक्ष द्यावे. ती चिखलाने पूर्ण भरलेली असते आणि वरवर पाहता खाच आहे हेही कळत नाही. सुईसारख्या टोकदार हत्याराने तळापर्यंत माती खरवडून, फुंकून काढावी आणि मगच ॲलन की हलक्या हातोडीने पूर्ण आत बसवावी. अर्धवट बसलेली की जोर लावताच खाचेच्या कडा गोल करते आणि पाच मिनिटांच्या कामाला करवत लागते. आटे तारेच्या ब्रशने घासून, गंज सोडवणारे तेल रात्रीच मारून ठेवावे. ब्रेक डिस्कवर ते उडू नये म्हणून चिंधी धरावी. तरीही नट न सुटल्यास हॅकसॉ ब्लेड हाताशी असावे, पण कापण्यापूर्वी ब्रेकचा होज, एबीएस सेन्सरची वायर आणि ॲक्सलचा रबरी बूट कुठून जातो ते पाहून त्यांवर जाड कापड किंवा पत्रा आड करावा.

टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरावीक जोरानेच आवळू देणारा पाना, स्वतःचा नसेल तर ओळखीच्या मिस्त्रीकडून एका दिवसासाठी मागून आणावा. लिंकच्या नटाचा टॉर्क आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा, कारण गाडीगणिक तो फार बदलतो. आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये दिला असेल तर त्याला ९.८ ने गुणले की न्यूटन-मीटर मिळतात. हे दोन्ही आकडे आणि चाकाच्या नटांचा टॉर्क कागदावर लिहून भिंतीला चिकटवावेत, म्हणजे ग्रीसच्या हातांनी मोबाइल उघडावा लागत नाही.

प्रत्यक्ष कामात चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, दोन्ही बाजू एकदम उचलाव्यात आणि जुनी लिंक निघाल्यावर नवी त्याच दिशेने बसवावी. स्टड भोकात सहज जात नसेल तर हातोडी न मारता लोअर आर्मखाली दुसरा जॅक लावून तो अलगद वर घ्यावा. पीळ सुटला की स्टड आपोआप समोर येतो. नट सुरुवातीला बोटांनी चार-पाच आटे फिरवावा, आणि घट्ट करताना स्टड ॲलन कीने धरून ठेवावा, नाहीतर नवा बूट पिळला जाऊन पहिल्याच आठवड्यात फाटतो. लिंकच्या टोकांना बॉल जॉइंटऐवजी रबरी बुश असतील तर शेवटची घट्टाई गाडी चाकांवर उतरवल्यावर करावी. लिंक चाकाचा कोन धरून ठेवत नाही, त्यामुळे फक्त लिंक बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करण्याची गरज नसते. टाय रॉड एंड (स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा) किंवा लोअर आर्मही सोडवला असेल तर मात्र ते करून घ्यावे.

चाके बसवून, नट आडवे-तिरपे क्रमाने आवळून, गाडी उतरवून टॉर्क द्यावा आणि पूर्वीच्याच गतिरोधकावरून पूर्वीच्याच वेगाने एकदा सरळ व एकदा तिरपे जावे. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाकांचे आणि लिंकचे नट पुन्हा एकदा पाना लावून पाहावेत. गावी जायचा दिवस त्याआधी येत असेल तर निघण्यापूर्वी धुळे-पारोळा-एरंडोल अशी एखादी फेरी मारून हे अंतर भरून काढावे. जुन्या दोन्ही लिंक डाव्या-उजव्या अशी खूण करून, कामाची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहून पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत डिकीत ठेवाव्यात, म्हणजे मिस्त्रीला काय बदलले आहे आणि काय अजून मूळचेच आहे ते विचारत बसावे लागत नाही.