लॅपटॉपला वायफाय दिसतच नाही? आधी बँड बघा
घरातल्या सगळ्या मोबाईलना वायफाय मिळतंय आणि जुन्या लॅपटॉपच्या लिस्टमध्ये मात्र ते नावच येत नाही, असं असेल तर लगेच ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) उडवत बसू नका. बऱ्याच जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचाच बँड (म्हणजे वायफायची फ्रिक्वेन्सी) पकडतं, ५ गिगाहर्ट्झवालं त्याला दिसतच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चालू करा, जमलं तर त्याला वेगळं नाव द्या म्हणजे घोळ नको. आयफोनचा हॉटस्पॉट असेल तर त्यात 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' ऑन करायचं, म्हणजे तोही २.४ वर येतो. स्पीड कमी मिळेल, पण २.४ भिंतीपलीकडे जास्त पोचतं, आतल्या खोलीत उलट बरंच चालतं. आणि हो, एअरप्लेन मोडचं बटण चुकून दाबलं गेलं नाहीये ना तेही बघा, मी एकदा अर्धा तास बिचाऱ्या राउटरलाच शिव्या घालत होतो.