ऑनलाइन औषधे मागवताना कायद्याच्या कचाट्यात सापडू नये म्हणून काय करावे

औषधे घरपोच मागवणे आता अंगवळणी पडले आहे. पण ऑनलाइन औषधविक्रीसाठी केंद्र सरकारने २८ ऑगस्ट २०१८ रोजी प्रसिद्ध केलेले नियम वर्षानुवर्षे मसुद्यातच अडकून राहिले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्रीला मनाई केली. म्हणून आधार घ्यायचा तो १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ चे नियम यांचाच. त्यांच्या लेखी ॲप हे दुकान नव्हे. परवाना असतो तो औषध देणाऱ्या मेडिकलचा.

१. आधी औषध कोणत्या वर्गातले आहे ते पाहा. पट्टीवर ‘आरएक्स’ असेल तर चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. ‘एनआरएक्स’ (अमली पदार्थविरोधी कायद्याखालील औषध) किंवा ‘एक्सआरएक्स’ (शेड्यूल एक्स, म्हणजे नियमांतील अधिक कडक नियंत्रणाच्या यादीतील औषध) असेल तर अधिक सावध व्हा.

२. चिठ्ठी खरी आणि ताजी हवी. तिच्यावर तारीख, रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाचे प्रमाण आणि डॉक्टरांची सही असली पाहिजे. पुन्हा औषध द्यावे असे डॉक्टरांनी लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध देता येते. येथेच अनेकजण फसतात. जुन्या चिठ्ठीच्या फोटोत तारीख बदलून तो अपलोड करणे ही पळवाट वाटते खरी, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ व ३४० नुसार बनावट दस्तऐवज तयार करणे आणि तो खरा म्हणून वापरणे हे गुन्हे आहेत, आणि ते विक्रेत्याच्या नव्हे, तुमच्या नावावर लागतात. ‘चिठ्ठी नाही? आमचे डॉक्टर फोन करतील’ ही सोय मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत बसू शकते. मात्र अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतील गुंगीकारक व मानसप्रभावी औषधे आणि शेड्यूल एक्समधील औषधे फोनवरून लिहून देण्यास त्यांत मनाई आहे.

३. पार्सल उघडताच बिल वाचा. त्यावर दुकानाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत हवी. किरकोळ विक्रीचे परवाने नमुना २० व २१ मध्ये असतात. ‘२०बी’, ‘२१बी’ हे घाऊक विक्रीचे. बिलच नसेल, तर औषध घेऊ नका.

४. झोपेच्या व वेदनाशामक गोळ्यांबाबत हयगय नको. अल्प्राझोलाम आणि २०१८ पासून ट्रामाडोल ही औषधे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात, जेथे नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकते. स्वतःच्या उपचारापुरत्या गोळ्या बाळगण्यास मुभा आहे. पण ते सिद्ध करायला चिठ्ठी लागते, म्हणून गोळ्या संपेपर्यंत ती जपून ठेवा. मित्रासाठी आपल्या नावाने ऑर्डर मात्र कधीच करू नका.

५. परदेशातून मागवणे टाळाच. न्यू जर्सीतल्या मुलाने पुण्यातल्या आईसाठी कुरिअरने पाठवलेले औषधही कायद्याने आयातच ठरते. स्वतःच्या वापरासाठी ते आणायचे तर नमुना १२ए मध्ये अर्ज करून आधी परवाना घ्यावा लागतो, नाहीतर सीमाशुल्क विभाग पार्सल अडवू शकतो.

६. ‘तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ असा फोन आला आणि ‘डिजिटल अटके’ची भीती घातली, तर फोन ठेवा. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. औषध संशयास्पद वाटले तर पट्टी, बिल व वेष्टन जपून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या.